आतलं माप

एइबारमध्ये डोंगर इतके जवळ, की सपाट जागा
आधी कारखान्यांनी घेतली. माणसं वर चढून राहिली.
आता कारखाने गेले. एकाच्या तळमजल्यावर
दर मंगळवारी, संध्याकाळी सातला,
आम्ही सहा जण कानस धरायला शिकतो.

सव्वीस वर्षं मी दाताच्या दवाखान्यात होते.
ड्रिल डॉक्टरांच्या हातात,
माझ्या हातात थुंकी ओढणारी नळी.
हवं ते, मागायच्या आधी, पुढे करायचं.
माझा हात एवढंच शिकला.

गारबिन्ये म्हणते: ढकलताना दाब, परतताना उचल.
शिलाई मशिनच्या कारखान्यात तिची हयात गेली,
बंद पडलेल्या भोंग्यावर ती अजून जेवते.
पहिले तीन मंगळवार फक्त एक ठोकळा.
चौरस करायचा. बाकी काही नाही.
माझा मधे फुगतो, कडांना उतरतो,
गुण्याखालून उजेड डोकावतो
आणि गारबिन्ये तो मला दाखवते,
डॉक्टर एक्स-रेवर कीड दाखवायचे तसा.
शेजारी म्बाय. सेनेगलच्या किनाऱ्यावर
होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.
त्याचा ठोकळा पहिल्याच दिवशी चौरस.
त्याला इथून फक्त कागद हवाय:
याला येतं, असं लिहिलेला.

चौथ्या मंगळवारी लेथ.
बाह्या वर. अंगठी काढ. केस बांध.
चकमध्ये चावी विसरलीस तर पंधरा दिवस घरी.
(सोळा वर्षांचा उनाय गेला होता.
आता तो चावी अशी जपतो
जणू तिच्या पलीकडे कुणाचं घर आहे.)

पोलाद फिरलं, हत्यार टेकलं,
आणि तो आवाज, तोच,
माझा डावा हात आपसूक नळी शोधायला गेला.

"ऐक," गारबिन्ये म्हणाली, "डोळ्यांना उशिरा कळतं."
किंचाळलं, तर हत्यार थरथरतंय.
कण्हलं, तर धार गेलीय.
बरंच किंचाळून, बरंच कण्हून झाल्यावर एकदा
नवं कापड फाडावं तसा सलग आवाज,
आणि निळसर पडत निघालेली लांब साल.
हात लावायचा नाही. अजून कढत असते.

मला एक खीळ हवी होती.
स्वयंपाकघराच्या झडपेची, बिजागरीतली.
आई होती तेव्हापासून तिथे पेन्सिल खोचलेली.
माप बारा मिलिमीटर.
बारा पूर्णांक चार दशांश.
बारा पूर्णांक एक दशांश.
मग, मापात पाप नव्हतं, घाई होती:
अकरा पूर्णांक आठ.

"काढलेलं परत लावता येत नाही," ती म्हणाली.
"दाताचंही तसंच," मी म्हणाले.
ती हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.
मग खीळ तळहातावर घोळवत राहिली.
"इतक्या वर्षांत बिजागरीचं भोक तरी
कुठे गोल राहिलं असेल? घासून मोठं कर त्याला.
आणि पितळेचं बुश बनव.
बाहेरचं माप खिडकीचं.
आतलं, तुझ्या चुकीचं."

त्याला आणखी तीन मंगळवार लागले.
पहिलं बुश तडकलं. दुसरं कुठे गेलं, कळलंच नाही,
उनायच्या बोटात अंगठी होती तसली काहीतरी, मी विचारलं नाही.
तिसरं बसलं. तेलाचा थेंब, अंगठ्याचा दाब,
गेलं आत, जसं त्याला बोलावणंच होतं.

झडप आता करकरत नाही. मला जरा चुकल्यासारखं होतं.
पेन्सिल कार्यशाळेत आणलीय.
अंगावर बिजागरीचे वळ आहेत,
पण मापं लिहिते नीट.

म्बायचा कागद अजून आलेला नाही.
तो येतो. त्याच्याकडून मी हत्याराला धार लावायला शिकते.
काल पितळेच्या कडेला बरी राहिली होती,
बोटाला खुपली, मी मान वर केली,
आणि मी मागायच्या आधीच
त्याने बारीक दातांची कानस पुढे केली.